दर तिसऱ्या बाजाराला: घशाच्या एका दुखण्यातून सुरू झालेलं प्रकरण

घशाच्या संसर्गामागून येणाऱ्या रुमॅटिक फीवरचं हे प्रकरण नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतलं आहे. मुलगी, शाळा, दवाखाने यांची ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. घटनांना तारखांऐवजी दिवसांचे आकडे दिले आहेत. घसा दुखू लागला तो दिवस १.

पार्श्वभूमी

नाशिकहून पेठकडे निघालं आणि सावळ घाट मागे पडला की पावसाची जातच बदलते. ऑगस्टमध्ये वसतिगृहाच्या खिडक्या बंद असतात, कपडे आतच वाळत घातलेले असतात, आणि ओल आलेल्या भिंतीपासून गाद्या लांब ओढल्या की दोन गाद्यांवर तिघी झोपतात. घशातला स्ट्रेप्टोकॉकस (थोडक्यात स्ट्रेप) हा जिवाणू खोकल्या-शिंकेतल्या तुषारांतून आणि उष्ट्या पेल्यांतून पसरतो, आणि पाच ते पंधरा हे त्याचं आवडतं वय. निवासी शाळेत दोन्ही गोष्टी एकत्र येतात.

मुलगी ११ वर्षांची, सहावीत, वजन २९ किलो. आईवडील ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात ते थेट शिमग्याला परततात. गावी आजी आणि ९ वर्षांचा भाऊ. म्हणजे वर्षातून निदान तीन पत्ते: शाळा, गाव, बाग. पुढे सगळं घोडं अडलं ते या तीन पत्त्यांवरच.

जिवाणूबद्दल थोडं. स्ट्रेप्टोकॉकसच्या जाती पुष्कळ. दातांवर राहणारे वेगळे, न्यूमोनिया करणारा वेगळा, नवजात बाळांना छळणारा गट ब वेगळा. इथला तो गट अ, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस. सूक्ष्मदर्शकाखाली मण्यांच्या माळेसारखा दिसतो. हे अ-ब-क गट १९३३ मध्ये रिबेका लान्सफील्ड यांनी पाडले. घसा, खरजेसारखी पिकणारी पुरळं, विसर्प (कातडीचा लाल, पसरत जाणारा दाह), मांस सडवणारा संसर्ग हे त्याचे थेट उद्योग. रुमॅटिक फीवर, म्हणजे संधिवाताचा ताप, हा मात्र उधारीचा हिशेब. जिवाणू घशातच राहतो, हृदयापर्यंत जात नाही. त्याच्या अंगावरच्या प्रथिनाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिकारशक्ती दोन-तीन आठवड्यांनी आपल्याच झडपांवर आणि सांध्यांवर उलटते. अशा घशानंतर उपचाराविना शंभरातल्या जास्तीत जास्त तिघांना, बहुधा त्याहून कमी जणांना, हा ताप येतो. म्हणूनच तो विसरला जातो.

घसा: दिवस १ ते ४

अधीक्षिकांच्या वहीत त्या आठवड्यात चार मुलींच्या नावापुढे एकच नोंद आहे: "घसा, ताप, गोळी दिली." या मुलीला ताप होता, गिळताना दुखत होतं, जबड्याखाली दुखऱ्या गाठी होत्या. खोकला नव्हता, नाक वाहत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिला जवळच्या खाजगी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक इंजेक्शन दिलं आणि ॲझिथ्रोमायसिन २५० मि.ग्रॅ.च्या तीन गोळ्या दिल्या, रोज एक. तिसऱ्या दिवशी ताप गेला, चौथ्या दिवशी ती वर्गात बसली.

घसादुखीची बहुतेक दुखणी विषाणूंची असतात आणि त्यांना प्रतिजैविक लागत नाही, हे खरंच आहे. पण इथे चार खुणा स्ट्रेपकडे बोट दाखवत होत्या: ताप, खोकल्याचा अभाव, गळ्याच्या पुढच्या बाजूच्या दुखऱ्या गाठी आणि वय. पाचवी खूण, टॉन्सिलवरचा पांढरा थर, होती की नव्हती हे कळायला मार्ग नाही, कारण टॉर्च लावून घसा कोणी पाहिल्याची नोंद नाही. एकाच खोलीत चौघी आजारी, ही सहावी खूण धरायला हरकत नाही.

आता मात्रा. या जिवाणूसाठी ॲझिथ्रोमायसिन द्यायचंच तर रोज १२ मि.ग्रॅ. प्रति किलो, पाच दिवस. २९ किलोला एकूण १७४० मि.ग्रॅ. होतात. तिला मिळाले ७५०. त्यात हे औषध मुळात पेनिसिलिन न सोसणाऱ्यांसाठीचं, आणि त्याला न जुमानणारे स्ट्रेप ठिकठिकाणी सापडतात. पेनिसिलिनला न जुमानणारा गट अ स्ट्रेप मात्र इतक्या वर्षांत रुग्णांमध्ये आढळलेला नाही. तिला अमॉक्सिसिलिन ५०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, पूर्ण दहा दिवस, म्हणजे २० कॅप्सूल चालल्या असत्या. किंवा बेंझाथीन पेनिसिलिनचं १२ लाख युनिटचं एकच इंजेक्शन. वसतिगृहात दहा दिवस गोळ्या कोण मोजणार, हा प्रश्न असेल तर दुसरा पर्याय जास्त शहाणपणाचा.

ताप तिसऱ्या दिवशी जातो तो औषधाविनाही जातो. स्ट्रेपचा घसा आपला आपण बरा होतो. औषध असतं ते घशातून जिवाणू पुरता काढून टाकण्यासाठी, आणि घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत ते सुरू केलं तरी रुमॅटिक फीवर सहसा टळतो. म्हणजे चौथ्या दिवशी मुलगी हसतखेळत वर्गात गेली तेव्हाही पाच दिवस हातात होते.

गुडघा: दिवस २० ते २८

विसाव्या दिवशी सकाळी उजवा गुडघा सुजला. खो-खो खेळताना पडली असेल, असं सगळ्यांनी धरलं. तिला विचारलं तेव्हा तीही "हो" म्हणाली. मुलं अशा वेळी "हो"च म्हणतात. दुसऱ्या दिवशी डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. बाविसाव्या दिवशी डावा घोटा सुजला, पण तोवर गुडघा साफ उतरला होता. गोळ्या चालू असल्याने घोटाही दोन दिवसांत बसला.

या आजाराची सांधेसूज एका सांध्यावरून दुसऱ्यावर उडी मारते, मोठे सांधे धरते, आणि वेदनाशामकाने एक-दोन दिवसांत विरघळते. गोळी इतकी चांगली लागू पडते की आजाराची उडी दिसतच नाही. पाच दिवसांच्या गोळ्यांनी पाच दिवसांचा पुरावा पुसला. २६ व्या दिवशी गोळ्या बंद होत्या. २८ व्या दिवशी डावं मनगट आणि उजवा घोटा एकदम धरला, ताप ३८.४ अंश सेल्सिअस. यावेळी पडल्याचं कारण कोणाला सुचलं नाही.

ग्रामीण रुग्णालय: दिवस २९

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दोन गोष्टी केल्या, ज्यांनी प्रकरणाला वळण लागलं. एक, पॅरासिटामॉलने ताप उतरल्यावर मुलगी झोपलेली असताना नाडी मोजली. ११८ भरली. तापाने वाढलेली नाडी ताप उतरला, झोप लागली की खाली येते. ही आली नव्हती. दोन, शर्टावरून नाही तर उघड्या छातीवर, डाव्या कुशीवर वळवून, हृदयाच्या टोकाशी ऐकलं. आकुंचनाच्या पूर्ण वेळात टिकणारा, काखेकडे पसरणारा मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा घुरघुर आवाज, होता. मग घशाबद्दल विचारलं. आजीला काही माहीत नव्हतं, अधीक्षिकांच्या वहीत होतं. ती वही नसती तर "घसा दुखल्याचा इतिहास नाही" असंच केसपेपरवर लागलं असतं. कित्येक रुग्णांना तो घसा आठवतच नाही.

रक्त: ईएसआर ८४, सीआरपी लिटरला ४८ मि.ग्रॅ. (दोन्ही शरीरातला दाह दाखवतात), हिमोग्लोबिन ९.८, एएसओ (स्ट्रेपविरुद्धची प्रतिपिंडं) ८०० युनिट. ईसीजीत पीआर अंतर (हृदयातला विद्युत संदेश वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत पोचायला लागणारा वेळ) ०.२० सेकंद. या वयात ०.१६ च्या पुढे ते लांबलेलं धरतात.

एएसओबद्दल एक खुलासा करायलाच हवा, कारण त्याचा घोळ रोज होतो. एएसओ वाढलेला म्हणजे रुमॅटिक फीवर नव्हे. तो एवढंच सांगतो की अलीकडे स्ट्रेप येऊन गेला. शाळकरी मुलांत असे कितीतरी सापडतील. उलट, नुसतं पाय दुखतात आणि एएसओ ४०० आहे म्हणून वर्षानुवर्षं पेनिसिलिन टोचून घेणारी मुलंही भेटतात. संसर्गानंतर तीन ते सहा आठवड्यांत तो शिखरावर असतो. इथे तपासणी २९ व्या दिवशी झाली, म्हणून आकड्याला वजन होतं.

निदान कसं ठरलं

पेठ-सुरगाण्याच्या पट्ट्यात मुलाचे सांधे दुखले की सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आधी डोक्यात यावा, आणि तो आला. सोल्युबिलिटी चाचणी नकारात्मक. पावसाळा असल्याने चिकनगुनियाची आयजीएम चाचणीही केली, तीही नकारात्मक. तिसरी शंका रक्ताच्या कर्करोगाची. मुलांत तो हाडं-सांधे दुखून, ताप येऊन, हिमोग्लोबिन उतरून सुरू होऊ शकतो. स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिला, विचित्र पेशी नव्हत्या. ही तपासणी स्टेरॉइडचा विचार करण्याआधीच व्हायला हवी, कारण स्टेरॉइडने तो कर्करोगही काही आठवडे दबतो आणि निदान हातचं जातं.

रुमॅटिक फीवरचं निदान जोन्स यांच्या मोठ्या आणि छोट्या निकषांवर ठरतं. हे निकष १९४४ चे, सध्या वापरात असलेली सुधारणा २०१५ ची. त्या सुधारणेत भारतासारख्या जास्त जोखमीच्या भागांसाठी चाळणी सैल केली आहे: छोट्या निकषांसाठी ३८ अंश ताप आणि ३० चा ईएसआर पुरतो. इथे तर दोन मोठे निकष होते, हृदयदाह (हृदयाला आलेली सूज) आणि अनेक सांध्यांची सूज, जोडीला स्ट्रेपचा पुरावा. लांबलेलं पीआर अंतर मात्र मोजलं नाही. हृदयदाह मोठ्या निकषात धरला की पीआर पुन्हा छोट्या निकषात धरता येत नाही. ही चूक केसपेपरांवर फार दिसते.

पहिला पेच: गोळी रोखून धरायची का?

इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, नाशिकला ३१ व्या दिवशीची वेळ मिळाली होती. तोवर दोन दिवस नॅप्रोक्सेन किंवा ॲस्पिरिन ही सूज उतरवणारी वेदनाशामकं न देता फक्त पॅरासिटामॉल, दर सहा तासांनी ४०० मि.ग्रॅ., असं ठरलं. आई तोवर रुग्णालयात पोचली होती. "मागच्या डॉक्टरांनी एका सुईत उभी केली होती, इथं दोन दिवस झाले नुसती रडतेय," असं ती म्हणाली, आणि तिच्या जागी कोणीही तेच म्हटलं असतं. पण त्या दोन दिवसांत मनगट उतरून उजवं कोपर सुजलं. नोंद झाली, निदान पक्कं झालं. रोखून धरणं बरोबर होतं. चुकलं एवढंच, की आईला कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगितलं गेलं, पहिल्या दिवशी सकाळी नाही.

इको: मायट्रल झडपेतून (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) मध्यम गळती, महाधमनीच्या झडपेतून सौम्य गळती, डाव्या कप्प्याचं काम चांगलं, हृदयाभोवती पाणी नाही.

दुसरा पेच: स्टेरॉइड की वेदनाशामक?

हृदयदाह दिसला की प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, ही पद्धत आपल्याकडे रुळलेली आहे आणि ती चूक म्हणता येणार नाही. हृदय थकलेलं असेल, धाप असेल, पाय सुजले असतील तर ते द्यायलाच हवं. पण पुढे जाऊन झडप किती खराब राहते, यावर स्टेरॉइडचा फरक पडतो असं सिद्ध झालेलं नाही. या मुलीला धाप नव्हती, यकृत वाढलेलं नव्हतं. ॲस्पिरिनचा विचार झाला. पण वसतिगृहात फ्लू आणि कांजिण्यांची ये-जा असते आणि त्या आजारांत ॲस्पिरिन मुलांना रेज सिंड्रोमच्या, म्हणजे मेंदू आणि यकृताला जिवावर बेतणारी इजा होण्याच्या, धोक्यात घालतं. म्हणून नॅप्रोक्सेन २५० मि.ग्रॅ. सकाळ-संध्याकाळ, जेवणावर. दीड दिवसात कोपर हललं. दोन आठवडे अंथरुणात विश्रांती, नंतर वर्ग, पण खेळ नाही. चौथ्या आठवड्यात सीआरपी ४, ईएसआर २२. मग गोळी हळूहळू कमी केली.

तिसरा पेच: इंजेक्शन कुठे, कोण, कधी?

खरं प्रकरण इथून सुरू होतं. रुमॅटिक फीवर एकदा आला की पुढच्या प्रत्येक स्ट्रेपच्या घशाला पुन्हा यायला टपलेला असतो, आणि प्रत्येक हल्ल्यात झडप आणखी आखडते. तो रोखायचा एकमेव खात्रीचा मार्ग म्हणजे बेंझाथीन पेनिसिलिन १२ लाख युनिट स्नायूत, दर २१ दिवसांनी. बोलीत पेनिड्युअर. २८ दिवसांनी दिलं तर चौथ्या आठवड्यात बऱ्याच मुलांच्या रक्तातली पातळी संरक्षणाच्या रेषेखाली जाते. तोंडाने पेनिसिलिन व्ही २५० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, हाही पर्याय आहे, पण तो वर्षाला ७३० गोळ्यांचा पर्याय आहे.

नाशिकला येऊन घ्यायचं तर दोन्ही बाजूंचा मिळून शंभरावर किलोमीटर प्रवास, घाट, एसटी आणि पूर्ण दिवसाची मजुरी, वर्षाला सतरा वेळा. कुपी स्वस्त, दिवस महाग. गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यायचं तर तिथे पेनिसिलिनचं नाव काढताच सगळे मागे सरत. "रिॲक्शन आली तर पेशंट आमच्या अंगावर," हे सिस्टर उघड बोलल्या, आणि भीती निराधार नव्हती. पण किती? १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात १,७९० रुग्णांना ३२,४३० इंजेक्शनं दिली गेली. ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी, चार वेळा झाला, मृत्यू एक. आकडा ऐकून भीती जात नाही, हातात काय करायचं ते लिहून दिलं की जाते.

म्हणून पहिलं इंजेक्शन नाशिकमध्ये, टेस्ट डोस करून (ॲलर्जी तपासायला आधी थोडंसं औषध टोचून), अर्धा तास नजरेखाली. त्यानंतर आरोग्य केंद्रासाठी एक पान लिहिलं. ॲड्रेनालिन १:१०००, या मुलीसाठी ०.३ मि.ली., मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत, ताबडतोब. गरज वाटल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. पाय वर, ऑक्सिजन, १०८. "आधी हायड्रोकॉर्टिसोन-एविल देऊ, मग बघू" (दोन्ही ॲलर्जीवरची औषधं, पण ॲड्रेनालिनची जागा न घेणारी) ही सवय मोडण्यासाठी ते वाक्य लाल शाईने खोडलेलं दाखवलं. इंजेक्शन आडवं झोपवून, पोटात काही खाल्लेलं असताना. टेस्ट डोस पुढे दर वेळी नाही. मोठा खंड पडला किंवा कंपनी बदलली तरच. दर वेळी केला तर मुलीला एकाऐवजी दोन टोचण्या, आणि तो निर्धोक निघाला म्हणून रिॲक्शन येणारच नाही अशी हमीही नाही. मध्यम गळतीच्या झडपेला इंजेक्शन चालतं. झडप फार खराब असून धाप लागत असेल तर इंजेक्शनच्या वेदनेने नाडी-रक्तदाब कोसळून अघटित घडू शकतं, अशांना २०२२ पासून अमेरिकन हार्ट असोसिएशन तोंडी औषध सुचवते.

तारीख लक्षात ठेवणं हा प्रश्न आरोग्य सेविकेने सोडवला. तिने कॅलेंडरवर बोट फिरवून दाखवलं की एकवीस दिवस म्हणजे तीन आठवडे, म्हणजे वार बदलतच नाही. केंद्राच्या गावचा बाजार मंगळवारी. पहिलं इंजेक्शन शुक्रवारी झालं होतं. दुसरं २१ ऐवजी १८ व्या दिवशी, मंगळवारी घेतलं. लवकर घेतलेलं चालतं, उशिरा घेतलेलं चालत नाही. तेव्हापासून आजीसाठी तारीख राहिली नाही: दर तिसऱ्या बाजाराला. बाजाराला गावातलं कोणी ना कोणी येतंच, जीप असतेच, आणि शाळेचा भाजीपाला आणायला गाडी जातेच. छापील कार्डावर तारखांच्या तक्त्याशेजारी तीन टिकल्या काढल्या, दोन कोऱ्या, एक भरलेली.

खोलीतल्या बाकी मुलींचं काय?

सगळ्या वसतिगृहाला पेनिसिलिन द्यावं, अशी सूचना आली. नाकारली. निरोगी शाळकरी मुलांतल्या काहींच्या घशात हा जिवाणू नुसता वस्तीला असतो, त्यांना त्रास होत नाही आणि त्यांच्यापासून धोकाही कमी असतो. सगळ्यांचे स्वॅब घेतले तर अशा मुलांचाच ढीग सापडतो. ठरलं ते असं: पुढचे सहा आठवडे घसा आणि ताप असलेल्या प्रत्येकीची जीभ खाली दाबून टॉर्चने घसा पाहायचा, खोकला-सर्दी नसेल तर त्याच दिवशी पूर्ण उपचार. सहाजणी सापडल्या. चौघींना वीस कॅप्सूल मोजून दिल्या, दोघींना एकेक इंजेक्शन. भावाचा इको केला, निर्दोष निघाला. घरच्या भावंडांपलीकडे मैत्रिणींचेही इको करावेत का, यावर दुमत राहिलं. युगांडात ८१८ मुलांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, फक्त इकोवर दिसणारा छुपा झडपदोष पेनिसिलिन घेणाऱ्या ०.८ टक्के मुलांत वाढला, न घेणाऱ्या ८.२ टक्क्यांत. म्हणजे शोधून काढण्यात अर्थ आहे. यंत्र आणि ते हाताळणारा माणूस घाटापलीकडे न्यायचा कसा, एवढंच उरलं होतं, आणि ते उरलेलंच आहे.

कुठे अडलं

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी आईवडिलांकडे बागेवर गेली. चौथ्या इंजेक्शनचा मंगळवार दिंडोरी तालुक्यात उजाडला. तिथल्या केंद्रात कार्ड दाखवलं, उत्तर आलं: "जिथं चालू आहे तिथंच घ्या." इंजेक्शन दोन बाजार चुकलं, म्हणजे ३५ दिवसांचं अंतर पडलं. आणि नेमकं त्याच काळात घसा दुखला, ताप आला. आईने यावेळी गोळी मागितली नाही. तिने आशाताईंना फोन केला. घशाच्या सहाव्या दिवशी मुलगी आपल्या केंद्रात होती. खंड पडला म्हणून टेस्ट डोस, मग १२ लाख युनिट. त्या एका सुईत घशाचा उपचारही झाला आणि राहिलेला डोसही. नऊ दिवसांच्या आत. हा घसा खरंच स्ट्रेपचा होता का, हे शोधायचा खटाटोप केला नाही. एएसओ पहिल्या वेळचाच अजून वर होता, त्याने काही कळलं नसतं. पाच आठवडे दर आठवड्याला सांधे, झोपेतली नाडी पाहिली, दोनदा सीआरपी केला. काही निघालं नाही.

सहाव्या इंजेक्शनला सुई अडली. हे औषध पाण्यात विरघळत नाही, दुधासारखं गढूळ राहतं. कुपी लशींच्या शेजारी फ्रीजमध्ये होती, पावडर थंडगार, पाणी घालून घाईत हलवली आणि २४ नंबरच्या बारीक सुईने टोचली. अर्ध्यावर दट्ट्या पुढे सरेना. सुई काढून दुसऱ्या कुल्ल्यावर पुन्हा टोचावं लागलं. सातव्या मंगळवारी मुलगी शाळेच्या मोरीत लपून बसली.

तेव्हापासूनची पद्धत: कुपी फ्रीजबाहेर, थंड कोरड्या कपाटात; पावडरला फ्रीज लागत नाही. पाणी घातल्यावर झटके न देता तळहातांत दोन मिनिटं फिरवायची, गुठळी राहू द्यायची नाही. २१ नंबरची सुई, औषध भरल्यावर बदललेली. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, ओलं असताना टोचलं तर झोंबतं. जागेवर अंगठ्याने दहा सेकंद घट्ट दाब, मग सुई. दोन ते तीन मिनिटं घेत सावकाश, पण न थांबता. थांबलं की औषध सुईत बसतं. बाजू आलटून पालटून, कार्डावर "डा" किंवा "उ". नंतर झोपून न राहता अंगणात चालायचं. डावी की उजवी हे मुलगी स्वतः सांगते. मोरीचा प्रसंग पुन्हा घडला नाही.

फेब्रुवारीत केंद्रात कुपीच नव्हती. स्वस्त औषध, बनवणारे मोजके, त्यामुळे तुटवडा अधूनमधून येतोच. नाशिकहून आणेपर्यंत चार दिवस गेले. आता या मुलीच्या नावाने दोन कुप्या कायम शिल्लक ठेवल्या जातात, एक वापरली की एक मागवायची.

एक अडचण औषधाची नव्हती. मार्चमध्ये कार्ड "हरवलं". ते आजीने पेटीत ठेवलं होतं, कारण पाहुण्यांसमोर "पोरीचं हृदय" हा शब्द निघालेला तिला नको होता. पुढे लग्नात विचारतील, ही तिची काळजी. कार्डावरचा "हृदयरोग" हा शब्द काढून "पेनिड्युअर कार्ड" केलं. आजीशी मात्र स्पष्ट बोलणं झालं: झडप पुढे आखडली तर ते कळून येतं ते पुष्कळदा पहिल्या बाळंतपणात, आणि तेव्हा लपवायला जागा नसते. हे आरोग्य सेविकेनेच सांगितलं, डॉक्टरांनी नाही, आणि ते बरं झालं.

परिणाम

पहिल्या वर्षात १७ इंजेक्शनं झाली. दोन उशिरा: एक १४ दिवसांनी, एक ४ दिवसांनी. सांधे पुन्हा धरले नाहीत. सहा महिन्यांच्या इकोत मायट्रलची गळती कमी झालेली, वर्षाच्या इकोत सौम्य, महाधमनीची गळती दिसेनाशी. हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्यांनी ११.६. वजन ३३. खो-खो पुन्हा सुरू.

किती वर्षं टोचायचं, याचं उत्तर झडप देईल. दोष पूर्ण गेला तर दहा वर्षं किंवा एकविशी-पंचविशीपर्यंत, जे उशिरा येईल ते. दोष राहिला तर चाळिशीपर्यंत. घरच्यांना सध्या "निदान कॉलेज होईपर्यंत" असं सांगितलं आहे. हा आकडा खोटा नाही, पण पुरा नाही. पुढच्या इकोनंतर पुरा सांगायचा आहे.

काय वेगळं करता आलं असतं

दुसऱ्या दिवशी टॉर्च आणि वीस कॅप्सूल. याने बाकी सगळं बहुधा टळलं असतं. पण त्या डॉक्टरांसमोर रांगेत चाळीस घसे होते आणि त्यातले बहुतेक विषाणूंचेच, हेही लक्षात घ्यायला हवं. त्यांना कोणी "चौघी एकाच खोलीतल्या आहेत" एवढं सांगितलं असतं तरी बराच फरक पडला असता. अधीक्षिकांना ते माहीत होतं, ते वहीत राहिलं. आता वहीत "खोली" असा रकाना वाढवला आहे, आणि एका खोलीत आठवड्यात दोन घसे झाले की केंद्राला फोन जातो.

एकविसाव्या दिवशीच्या डायक्लोफिनॅकआधी घसा विचारायचा राहिला. मुलाचा मोठा सांधा सुजला आणि मागच्या महिन्यात घसा दुखला होता, तर वेदनाशामकाआधी छाती ऐकावी.

दिवाळीचा घोळ पूर्णपणे टाळण्यासारखा होता. आईवडील दर वर्षी त्याच बागेवर जातात, हे पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर कळलं असतं. दुसऱ्या वर्षी सुट्टीच्या तीन आठवडे आधी दिंडोरीकडच्या केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी फोनवर बोलणं झालं, पत्र गेलं, आणि मुलीच्या दप्तरात कुपी, २१ नंबरच्या दोन सुया आणि ते लाल शाईचं पान दिलं. तिकडचा बाजार रविवारी असतो आणि केंद्र तेव्हा बंद. म्हणून आधीचं इंजेक्शन आठ दिवस अलीकडे ओढून सोमवार धरला. सुट्टीतलं इंजेक्शन त्या सोमवारी झालं. कार्डावर "डा" आहे. परत आल्यावर मंगळवार पुन्हा बसवायला एक डोस सहा दिवस लवकर द्यावा लागला, तो दिला.